गिअर पडलेला असताना ट्रॅक्टर सुरू होऊ नये म्हणून

आमच्या गटाचा ट्रॅक्टर जुना आहे, भाड्याने देतो तोच. मागच्या पेरणीला चावी फिरवली तशी तो एकदम पुढे उसळला आणि खताच्या पोत्यांवर चढला. गिअर पडलेला होता, कुणाच्या लक्षातच आलं नाही. पाच मिनिटांपूर्वी त्याच पोत्यांजवळ बसून आमची एक ताई हिशेब लिहीत होती. त्या रात्री आम्हाला कुणालाच झोप लागली नाही.

मिस्त्रीने खोलून पाहिलं. न्यूट्रलचा स्विच होता, पण तो बिघडल्यावर कुणीतरी त्याच्या दोन वायरी पिळून जोडून टाकल्या होत्या. डायरेक्ट करणं म्हणतात ना, तेच. मिस्त्री म्हणाला, "राहू द्या ताई, चालतंय की." आम्ही नाही म्हटलं आणि शेजारी उभं राहून सगळं समजून घेतलं.

चावी फिरवली की एका बारीक वायरीतून सोलेनॉइडला, म्हणजे स्टार्टरवरच्या डबीला, करंट जातो. ती डबी बॅटरीची जाड केबल स्टार्टरला जोडते. न्यूट्रलचा स्विच बसतो बारीक वायरीत, चावी आणि डबीच्या मध्ये. गिअर न्यूट्रलला असेल तरच तो जुळतो. नसेल तर चावी कितीही फिरवा, स्टार्टर गप्प. जाड केबलमध्ये हा स्विच कधीच घालायचा नाही. तिथून शेकडो अँपिअर जातात, स्विच जळेल.

आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. मग त्याच मॉडेलचा स्विच गिअरबॉक्सवर बसवून दोन्ही वायरी त्याला जोडल्या, सायलेन्सरपासून लांब बांधल्या.

तपासणी आम्हीच केली. मोकळं रान, पुढेमागे कुणी नाही, ब्रेक लॉक, क्लच पूर्ण दाबलेला. एकेक गिअर टाकून चावी फिरवली, रिव्हर्सलासुद्धा. स्टार्टर हलला नाही. न्यूट्रलला मात्र लगेच फिरला.

एक मात्र ध्यानात ठेवा. खाली उभं राहून स्टार्टरला स्क्रू ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर चालू करतात, तेव्हा हा स्विच काहीच करू शकत नाही आणि माणूस थेट चाकापुढे असतो. आमच्या ड्रायव्हरदादांना ते आम्ही बंद करायला लावलंय. रागावले थोडे.

आता भाड्याच्या वहीत नवा रकाना आहे: स्विच तपासला का, कुणी, सही. या महिन्याची पाळी त्याच ताईची आहे.