भाजी खुडणाऱ्या बाईचा रोग



मी डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली; पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. तेव्हा सापाच्या जंतावर हा गृहस्थ काय बोलणार, असे आपणांस वाटले तर नवल नाही.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या आग्नेय भागात एक ६४ वर्षांची बाई घराजवळच्या तळ्याकाठी रानभाजी खुडी आणि शिजवून खाई. त्याच काठाला कार्पेट पायथन जातीचे अजगर. या अजगराच्या अन्ननलिकेत व जठरात जंत राहतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात, लहान प्राण्यांच्या पोटात जातात, तेथे अळ्या होतात. तो प्राणी अजगराने गिळला की जंत मूळ घरी पोचतो. या फेऱ्यात माणसाला जागाच नाही. भाजीवरून किंवा हातांवरून अंडी बाईच्या पोटात गेली असावीत, असा डॉक्टरांचा कयास.

जानेवारी २०२१ मध्ये ती पोटदुखी व जुलाब घेऊन इस्पितळात गेली. मागून कोरडा खोकला, रात्रीचा घाम. जंतांच्या तपासण्यांत काही सापडेना. फुप्फुसाचा विकार ठरवून स्टेरॉइडे सुरू झाली. डॉक्टरांना बोल लावणे सोपे आहे, मी लावणार नाही. असा रोगी जगात तोवर नोंदलेलाच नव्हता. परंतु प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनीच अळीला मेंदूची वाट मोकळी झाली असावी, हे त्यांनीच पुढे प्रांजळपणे लिहिले. २०२२ मध्ये बाई विसरू लागली, मन खचले. जूनमध्ये कॅनबेरात डॉ. हरी प्रिया बंदी यांनी मेंदूवर शस्त्रक्रिया केली, तो चिमट्यात आठ सेंटिमीटर लांबीचा, तांबडा, जिवंत जंत!

इटलीच्या रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत त्याने एकाची भर घातली: तू काम काय करतोस? आमच्या सभासदाच्या केसपेपरावर नाव, वय, पत्ता येतो. हा प्रश्न क्वचित. भर पावसात गटारात उतरणाऱ्याचा ताप उंदराच्या मुतातून आलेला असू शकतो. पण तो गटारात उतरतो, हे विचारतो कोण? आणि खरे सांगायचे तर आमचा माणूसही लाजून सांगत नाही.

त्या बाईला पुढे जंतांची औषधे दिली. सहा महिन्यांनी तिचे मन व स्मरण सुधारले होते, पण पुरते नाही.