विजेच्या मोटारसायकलीची पहिली तालीम



आषाढी एकादशीस आमच्या खानदेशातील पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो, त्या वेळी दोर ओढणाऱ्यांच्या आणि जयघोष करणाऱ्यांच्या गर्दीत, परगावच्या माणसाचे सहसा लक्ष जाणार नाही अशी काही मंडळी चाकांलगत वाकून चालत असतात. त्यांच्या हाती लाकडाची मोगरी असते. आणि एवढा अवजड रथ आवरणे, वळविणे व ठरल्या जागी थांबविणे हे सर्व ती मोगरी नेमक्या क्षणी चाकाखाली घालण्याच्या त्यांच्या कौशल्यावर अवलंबून असते. रथ ओढावयास हवे तेवढे हात मिळतात. मोगरीचे काम मात्र मुरलेल्या माणसाकडेच सोपविले जाते. विजेवर चालणारी मोटारसायकल नव्याने घेणाऱ्या तरुणांना आणि तरुणींना मला आज कळकळीने सांगावयाचे आहे ते हे, की गाडी पळविण्याआधी ती थांबविण्याची विद्या हस्तगत करा.

या आग्रहाचे कारण वाहनाच्या घडणीतच आहे. पेट्रोलच्या इंजिनास आपला पुरा जोर दाखविण्यापूर्वी फेरे वाढवावे लागतात. क्लच सोडणे, गिअर टाकणे, आवाज चढणे अशा पायऱ्या मध्ये असल्याने नवशिक्याचा हात चुकला तर गाडी पुष्कळदा गचका देऊन बंद पडते, आणि ते बंद पडणेच त्याचे रक्षण करते. विजेच्या मोटरीस या पायऱ्या नाहीत. तिचा चाक फिरविण्याचा जोर स्थिर अवस्थेतच सर्वांत अधिक असू शकतो, आणि मूठ पिळताक्षणी तो हाती येतो. २०२२ साली पुण्याच्या टॉर्क मोटर्सने बाजारात आणलेली ‘क्रॅटोस’ ताशी ४० किलोमीटरचा वेग सुमारे चार सेकंदांत गाठते, असे तिच्या निर्मात्यांचे सांगणे आहे. ज्याने आजवर सायकलच चालविली, त्याच्या मनगटाला एवढ्या त्वरेची सवय कोठून असणार?

म्हणून पहिली तालीम मोकळ्या मैदानात, भल्या सकाळी आणि मागे कोणासही न बसविता करावी. गाडीत वेगाचे दोन-तीन प्रकार ठरवून दिलेले असतात, त्यांतील सर्वांत सौम्य तो निवडावा. आणखी एक पथ्य मी फार महत्त्वाचे मानतो: गाडीवरून उतरण्यापूर्वी किल्ली बंद करावी. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे गाडी चालू आहे की बंद, हे कानास कळत नाही. ओट्यावर चढविताना मूठ धरून ढकलू लागावे, अथवा घरातील लहान मुलाने कौतुकाने मूठ फिरवावी, आणि गाडीने भिंतीवर झेप घ्यावी, हा प्रकार सहज घडण्यासारखा आहे.

मंद गतीने वळताना क्लचचा आधार नसल्याने तोल जातो. त्यावर उपाय असा की, मागचा ब्रेक हलकेच दाबून ठेवून त्याच वेळी मूठ अगदी किंचित उघडावी. अर्थात ब्रेक लावताच मोटर तोडणारी रचना ज्या गाडीत आहे तेथे ही युक्ती चालणार नाही, हे आधी पारखून घ्यावे. मूठ सोडली म्हणजे मोटरच जनित्राचे काम करू लागते, बॅटरीत थोडी वीज परत जाते आणि गाडीचा वेग आपोआप उतरतो. परंतु बॅटरी काठोकाठ भरलेली असताना हा अवरोध अनेक गाड्यांत क्षीण होतो. तेव्हा त्यावर विसंबणाऱ्याचा सकाळी घरातून निघताना अंदाज चुकण्याचा संभव असतो. भरवसा दोन्ही ब्रेकांवरच ठेवावा. पुढचा ब्रेक लावल्यास पालथे पडू, ही भीती अनेकांच्या मनात असते. वस्तुतः थांबताना भार पुढच्या चाकावर येतो आणि अधिक पकड तेथेच मिळते. तो एकदम न आवळता क्रमाने दाबावयाचा, एवढेच. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, ही गोष्ट मैदानात खुणा करून स्वतःच पाहावी.

आता रस्त्याकडे येऊ. पिंप्राळ्याहून बांभोरीच्या विद्यापीठाकडे जाणारी मुले गिरणेचा पूल ओलांडून ज्या महामार्गाने जातात, तो सुरतेस कलकत्त्याशी जोडणाऱ्या पूर्वीच्या सहा क्रमांकाच्या महामार्गाचा भाग असून आता त्रेपन्न क्रमांकाचा आहे. त्यावर केळीचे ट्रक, अवजड कंटेनर आणि कापसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर यांची अहोरात्र वर्दळ असते. हात पक्का बसेपर्यंत या रस्त्यावर जाण्याची घाई करू नये. पहिल्या पावसात शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर काळ्या मातीचे लपके सोडून जातात. त्यांवरून जाताना मूठही पिळू नये, ब्रेकही आवळू नये. आपल्याकडील पादचारी, विशेषतः वृद्ध माणसे, कानाच्या भरवशावर रस्ता ओलांडतात. निःशब्द वाहनाच्या चालकाने त्यांच्या कानांची जबाबदारी स्वतःवर घ्यावी, वेळीच हळू व्हावे आणि गरज तेथे हॉर्न द्यावा.

परवान्याविषयी एक गैरसमज पसरलेला आहे. विजेच्या गाडीस परवाना लागत नाही, ही मुभा केवळ ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या आणि २५० वॅटपर्यंतच्या मोटरीच्या वाहनांपुरती आहे. मोटारसायकलीस वयाची १८ वर्षे, शिकाऊ आणि मग पक्का परवाना, हा सर्व रिवाज लागू आहे. गाडी विजेची आहे म्हणून हेल्मेटला तर कोणतीच सूट नाही. ते भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हाचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा.

शेवटी खानदेशच्या उन्हाळ्याविषयी. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि उष्णता ही बॅटरीची वैरीण आहे. उन्हातून आल्याबरोबर चार्जर न जोडता गाडी सावलीत निवू द्यावी. जिन्याखाली किंवा घरातून बाहेर पडण्याच्या वाटेवर रात्रभर चार्जिंग लावू नये. जुन्या घरांतून पंख्याच्या बटणापासून लांबविलेल्या वायरीवर चार्जर चालविण्याची तजवीज दृष्टीस पडते. ती मोडून जाणत्या वायरमनकडून अर्थिंगसह स्वतंत्र जोडणी करवून घ्यावी, आणि प्लग हाताला गरम लागू लागला तर त्याच दिवशी तो बदलावा.