जनसुरक्षा विधेयक आणि आपली ग्रामसभा

(९ ऑगस्ट २०२५, जागतिक आदिवासी दिन. वरवट बकाल येथील सभेत संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेले भाषण.)

डोंगरातून उतरून आलेल्या मायबहिणींनो, आजेबाबांनो आणि कोरकू, निहाल, भिलाला, बारेला, पावरा अशा सगळ्या भावांनो,

आज आपला दिवस. ढोल वाजणार, नाच होणार. पण निंदणाचं काम टाकून तुम्ही एवढ्या लांबून आलात, तर ढोलाच्या आधी एक गोष्ट सांगू द्या. ती घडली मुंबईत, पण तिचा धागा आपल्या वस्तीपर्यंत येतो.

३० जून ते १८ जुलै या दिवसांत मुंबईला विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन झालं. सरकारला कशाची घाई आहे हे ओळखायचं असेल तर कोणतं विधेयक पुढं सरकलं ते पाहावं. वनहक्काचे पडून राहिलेले दावे अमुक महिन्यांत निकाली काढा, असं सांगणारं विधेयक आलं नाही. आलं ते महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. १० जुलैला विधानसभेत आवाजी मतानं मंजूर, दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत मंजूर. विधानसभेत डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी उभं राहून विरोध केला. परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. आता राज्यपालांची सही झाली की कायदा.

आम्ही बारावीपर्यंत शिकलेली पोरं. विधेयकाची भाषा जड, वाचायला तीन रात्री लागल्या. जे समजलं ते सांगतो.

सरकार एखादी संघटना बेकायदेशीर जाहीर करू शकतं. कशावरून? सार्वजनिक शांततेला धोका, हे एक कारण. पण पुढं आणखी कारणं आहेत. कायद्याच्या कारभारात किंवा सरकारी माणसांच्या कामात अडथळा आणणं, किंवा तसा कल असणं. कायदा न पाळण्याची शिकवण देणं. त्यासाठी पैसा किंवा वस्तू गोळा करणं. अशी संघटना जाहीर झाली की तिच्या सभेला जाणाऱ्या, वर्गणी देणाऱ्या सभासदाला ३ वर्षांपर्यंत कैद. सभासद नाही, पण मदत केली, कुणाला आसरा दिला, तर २ वर्षांपर्यंत. बेकायदेशीर कृत्य केलं किंवा करायला लावलं तर ७ वर्षांपर्यंत. गुन्हा अजामीनपात्र. संघटना जिथं बसते ती जागा ताब्यात घ्यायचा अधिकारही त्यात आहे.

खरं ते खरं सांगितलं पाहिजे. आज आपल्यावर हे लागलेलं नाही. आधी सरकारला राजपत्रात संघटनेचं नाव जाहीर करावं लागतं, मग तीन जणांचं सल्लागार मंडळ ते तपासतं. लोकांनी १२ हजारांहून जास्त सूचना पाठवल्या, म्हणून काही बदलही झाले. आता हे विधेयक ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या’ संघटनांसाठी आहे असं त्यात लिहिलं. मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं, की आंदोलन करणाऱ्यांवर हे वापरणार नाही.

पण शब्द सभागृहात दिला, कायद्यात लिहिला नाही. कडवं म्हणजे किती कडवं, याचं माप विधेयकात कुठं नाही. आणि ‘तशा प्रकारच्या’ या दोन शब्दांत कोण कोण बसेल?

छत्तीसगडमध्ये असाच कायदा २००५ पासून आहे. बस्तरमध्ये आदिवासी पोरापोरींनी मूलवासी बचाओ मंच नावाची संघटना उभी केली होती. तिला तिथल्या सरकारनं ऑक्टोबर २०२४ मध्ये याच कायद्याखाली बेकायदेशीर ठरवलं. कारण काय दिलं? विकासकामांना आणि सुरक्षा दलांच्या छावण्यांना विरोध करते. ती पोरं आपल्याच वयाची, आपल्यासारखीच सभा घेणारी. म्हणून आम्हाला झोप लागली नाही.

आता आपल्याकडं पाहू. आपला संग्रामपूर तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही, बुलडाणा जिल्हाच नाही. म्हणून पेसा कायदा आपल्याला लागू नाही. आपल्या हातात मोठं हत्यार एकच, २००६ चा वनहक्क कायदा. हा कायदा एकट्यादुकट्यानं चालत नाही. दावा आधी ग्रामसभेपुढं जातो. ग्रामसभेला निम्मी माणसं हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. ठराव होतो, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. म्हणजे सभा आली, ठराव आला, जाण्यायेण्याची वर्गणी आली. नेमकं हेच सगळं त्या विधेयकाच्या नजरेखाली येऊ शकतं.

मागच्या वर्षीचं आठवा. आपल्या दोन गावांच्या दाव्यांची फाइल एका कार्यालयात सापडत नव्हती. एकटा माणूस गेला की उत्तर ठरलेलं, ‘पुढच्या आठवड्यात या.’ एक आजा सहा वेळा गेला, सहा दिवसांची मजुरी बुडाली. मग आपण चाळीस जण गेलो, व्हरांड्यात बसलो, बायांनी तिथंच भाकरी सोडल्या. दुपारी फाइल निघाली. कपाटातच होती. आता सांगा, ते बसणं सरकारी कामात अडथळा होतं, का सरकारचं काम सरकारकडून करून घेणं होतं? वनहक्क कायद्याचं कलम ४(५) म्हणतं, की दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत जमीन कसणाऱ्याला हटवता येत नाही. नाकेदार जेसीबी घेऊन आला आणि आपण हे कलम दाखवून शेतात उभे राहिलो, तर कायदा कोण मोडतो? आपल्या मते आपण कायदा पाळतो. पण तो निवाडा करणारा माणूस वरच्या खुर्चीत बसलेला असेल, ही भीती आहे.

याच अधिवेशनात गृहराज्यमंत्री म्हणाले, की धर्मांतराविरुद्ध कडक कायदा आणू. आपल्यात कुणी मुठवा पूजतो, कुणी माळ घालतो, कुणी प्रार्थनेला जातो. जबरदस्ती कुणीच कुणावर करू नये, हे आपण आधीपासून मानतो. पण शेजारी शेजाऱ्याचा देव तपासायला लागला तर गाव फुटेल. फुटलेल्या गावात ग्रामसभेला निम्मी माणसं कुठून आणायची? मग दावा आपोआप पडेल, कुणाला तो फेटाळायचीही गरज नाही.

आणि पैशाचं पाहा. मे महिन्यात आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडं वळवले. आपल्या मायबहिणींना ते दीड हजार मिळतात, ते मिळालेच पाहिजेत. पण मायच्या हातावर ठेवायला लेकराच्या आश्रमशाळेच्या, वसतिगृहाच्या ताटात हात काऊन घालायचा? राज्याच्या तिजोरीत दुसरी पेटी नव्हती काय?

एका बुढ्या मायनं आम्हाला विचारलं, “बाबू, मग आता सभेला यावं का नाही?” त्या प्रश्नासाठीच आज बोलायला उभे राहिलो. माय, यावं. हा कायदा कुणाला धरायच्या आधी भीतीच जास्त माणसं घरी बसवते. आपण घरी बसलो तर त्यांना कायदा वापरायची गरजच पडणार नाही.

मात्र काम चोख ठेवू. चार गोष्टी ठरवू.

एक, सभा उघड्यावर, दिवसाढवळ्या. प्रत्येक सभेचं इतिवृत्त लिहायचं, सह्या आणि अंगठे घ्यायचे.

दोन, वर्गणी वीस रुपये असो का दोनशे, पावतीशिवाय घ्यायची नाही. हिशेब दर महिन्याला गावापुढं वाचायचा.

तीन, ज्यांचे दावे राहिलेत त्यांनी पुरावे बाहेर काढा. फॉरेस्टच्या जुन्या दंडाच्या पावत्या फेकू नका. तुम्ही ती जमीन कसत होतात हे त्याच सांगतात. म्हाताऱ्या माणसांचे जबाबही पुरावा धरले जातात, ते आता लिहून घ्या. आजे किती दिवस थांबणार? दावा फेटाळल्याचा कागद आला तर ६० दिवसांच्या आत अपील करायचं.

चार, प्रत्येक ग्रामसभेत राज्यपालांच्या नावानं ठराव घ्यायचा: या विधेयकावर सही करू नका, ते फेरविचारासाठी सभागृहाकडं परत पाठवा. राज्यघटनेनं त्यांना तो अधिकार दिला आहे. मतदान आवाजी झालं, त्यामुळं कोण कोणत्या बाजूला होतं याची नावानिशी नोंद नाही. म्हणून ठरावाची एक प्रत आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना द्यायची आणि समोर बसून विचारायचं, ‘साहेब, तुमचा आवाज कुठला होता?’

ठरावाचा नमुना या अंकासोबत दिला आहे. वाचता येत नाही त्यांना पोरांनी वाचून दाखवायचा. पंधरा दिवसांनी कोणत्या गावाचा ठराव झाला, कोणत्या गावाचा राहिला, ते इथंच वाचून दाखवू.

आता ढोल वाजू द्या.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!
जय जोहार! जय आदिवासी!