पंचहौदचा चहा आणि काशीचे शास्त्री



1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक-रानड्यांपुढे चहाचे पेले आले आणि गावभर ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, माजले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या मिशनच्या पंथात एक मोठा मराठी पंडित होता, त्याची आठवण कुणी काढत नाही. फादर नेहेम्या गोऱ्हे, पूर्वीचे नीळकंठशास्त्री.

हिंदी मुलखातल्या खुर्सीपारच्या आपल्या मराठी मंडळींना हा माणूस लवकर उमगेल. मराठी घराणे, भोवती सगळी हिंदी. 1825 साली बुंदेलखंडात जन्म, चित्पावन कुळ, विद्या काशीत. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात ख्रिस्ती मताची बाजू मांडली, तेव्हा ऐन तारुण्यातल्या शास्त्रीबुवांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून संस्कृतातच उत्तर दिले. पाद्र्यांना निरुत्तर करायला निघालेले हे गृहस्थ 1848 मध्ये जौनपूरला स्वतःच बाप्तिस्मा घेऊन बसले!

1860 च्या हिंदी 'षड्दर्शनदर्पणा'त त्यांनी सहाही दर्शनांना वादात ओढले. पारमार्थिक, व्यावहारिक, प्रातिभासिक अशा वेदान्ताच्या तीन सत्तांवर, म्हणजे अस्तित्वाच्या पातळ्यांवर, त्यांचा विशेष रोख. धर्म बदलला, पण पूर्वपक्ष मांडून खंडन करण्याची काशीची सवय सुटली नाही. शंकराचार्यांच्या बाबतीत ते फार कठोर झाले, असे माझे मत.

1870 मध्ये ते धर्मगुरू झाले आणि पंचहौदवाल्यांच्या अँग्लो-कॅथॉलिक पंथाकडे वळले. हे लोक इंग्लंडच्या चर्चमध्येच राहतात, पोपची सत्ता मानत नाहीत; मात्र पापकबुली, संस्कार, प्रेषितांपासून चालत आलेली बिशपांची परंपरा यांवर त्यांची भिस्त. शास्त्र्याला हे जवळचे वाटले तर नवल नाही. ग्रंथ ज्याने त्याने आपल्या मतीने लावायचा नसतो, त्याला संप्रदाय लागतो, हे तो पाठशाळेतच शिकलेला असतो.

पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती मताकडे नेण्यात गोऱ्ह्यांच्या लिखाणाचा वाटा होता. 1883 मध्ये बाईंनी इंग्लंडात वाँटेजला, याच पंथाच्या भगिनींकडे बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या अधिकारापुढे मात्र त्यांनी मान तुकवली नाही. भगिनींशी पत्रांतून कडाडून भांडल्या.

आणि गोऱ्हे? 1876 मध्ये ते ऑक्सफर्डजवळ काउलीच्या संन्यासी संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. दारिद्र्याने राहिले, उपास केले. पण मनातल्या शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही, आणि आजन्म बांधून घेणारी अखेरची व्रते त्यांनी घेतलीच नाहीत. 1895 मध्ये मुंबईत वारले, तेव्हाही ते उमेदवारच होते.