दगडात घडलेल्या केल्टिक देवी

रोमन सत्ता येण्यापूर्वी केल्टिक लोकांनी आपल्या देवींना दगडात फारसे घडवले नाही. गॉल, म्हणजे ढोबळमानाने आजचा फ्रान्स, सीझरने इ.स.पू. ५८ ते ५० या काळात जिंकला; ब्रिटनवरची रोमन स्वारी इ.स. ४३ मधली. संग्रहालयांत दिसणारी या देवींची शिल्पे बहुतेक यानंतरच्या तीन शतकांतली आहेत. देवी स्थानिक, घडवण्याची रीत रोमन आणि खालचा लेख लॅटिन, असा हा मामला आहे. चेहऱ्यांवर रोमन साच्याची छाप असल्याने त्यांवरून ओळख पटत नाही. मांडीवर काय आहे, हातात काय आहे, शेजारी कोण आहे, हे पाहावे लागते.

सर्वांत मोठा पसारा मातृदेवींचा. त्या बहुधा तिघी, एका ओळीत बसलेल्या. फ्रान्समधील व्हर्तो येथल्या उठावशिल्पात एकीच्या हातात बाळोत्यात गुंडाळलेले मूल आहे, दुसरीने कापड उलगडून धरले आहे, तिसरीकडे न्हाणाचे भांडे आणि स्पंज. बाळाला न्हाऊमाखू घालण्याचे सारे साहित्य तिघींनी वाटून घेतलेले. देवत्व दाखवायला याहून वेगळे काही शिल्पकाराला लागले नाही. ऱ्हाईनकाठी चित्र बदलते. बॉन येथे सापडलेल्या इ.स. १६४ च्या वेदीवर कडेच्या दोघींनी भलीमोठी गोल शिरोभूषणे घातली आहेत, मधली मात्र मोकळ्या केसांची तरुणी आहे. वेदी उभारणारा क्वेट्टियस सेव्हेरस हा कोलोनचा कोषाधिकारी होता. या भागातल्या मातृदेवींची कित्येक नावे जर्मानिक वळणाची आहेत, तेव्हा त्यांना सरसकट केल्टिक म्हणणे धाडसाचे. अशा वेद्यांवर शेवटी बऱ्याचदा व्ही. एस. एल. एम. ही चार अक्षरे येतात. अर्थ सरळ आहे: बोललेला नवस आनंदाने आणि यथायोग्य फेडला.

एपोना ही घोड्यांची देवी. बर्गंडीत ती चालत्या घोडीवर एका बाजूला पाय सोडून बसते आणि बरोबर शिंगरू असते. सरहद्दीवरच्या लष्करी भागांत तीच दोन्हीकडच्या घोड्यांच्या मधोमध समोर तोंड करून बसलेली दिसते. शेतकऱ्याला घोडीची वीण हवी, स्वाराला घोड्याची साथ. मूर्तीतला फरक बहुधा यातूनच आला. रोमन घोडदळाने तिला दूरवर नेले. उत्तर इटलीतल्या एका पंचांगात तिचा सण १८ डिसेंबरला नोंदलेला आहे. केल्टिक देवीला असा मान क्वचितच मिळाला.

पाण्याच्या देवींपैकी कोव्हेंटिना ब्रिटनमधल्या हेड्रियनच्या भिंतीजवळच्या कॅरॉबर्गची. तिथली विहीर जॉन क्लेटन यांनी १८७६ मध्ये उपसली, तेव्हा १३ हजारांहून अधिक नाणी आणि अनेक वेद्या निघाल्या. एका शिळेवर ती पानावर रेलली आहे, हातात पाणवनस्पती. दुसऱ्या शिळेवर पाणी ओतणाऱ्या तीन स्त्रिया आहेत. ती तीन रूपांतली कोव्हेंटिना की नुसत्या जलदेवता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. जर्मनीत होखशाईड येथील सिरोनाच्या हाताला सापाचा विळखा असून वाडग्यात तीन अंडी आहेत. साप ग्रीक आरोग्यदेवी हायजियाकडून आलेला दिसतो. सारबूरच्या नांतोस्वेल्टाकडे मात्र कुठल्याही रोमन देवीकडे नसलेली वस्तू आहे: लांब काठी आणि तिच्या टोकावर घरासारखी आकृती. शेजारी हातोडा घेतलेला देव सुसेल्लस उभा आहे.

आयर्लंड रोमन साम्राज्याबाहेर राहिला, त्यामुळे तिथे अशी शिल्पपरंपरा नाही. तिथल्या देवी मध्ययुगीन कथांतून कळतात आणि त्या कथांची जुनी प्रमुख हस्तलिखिते इ.स. ११०० च्या सुमाराची व नंतरची आहेत. मधे काही शतकांचे अंतर आहे, वर समुद्रही. तरी गॉलमधल्या अनामिक मूर्तींना आयरिश कथांतली नावे चिकटवण्याची सवय लोकप्रिय पुस्तकांत आढळते. ती सोडलेली बरी.