स्वागताध्यक्षांचे मनोगत



अवसरी बुद्रुकमध्ये आपलं मनःपूर्वक स्वागत! ‘अमेरिकन साहित्यातील पात्रांचा त्याग आणि नीतिमूल्ये’ या विषयावरची परिषद आपण आमच्या गावात भरवलीत, याचा गावाला अभिमान आहे. साहित्याचा माझा अभ्यास नाही. पण त्याग म्हटलं की आंबेगाव तालुक्यातल्या माणसाला दूर जावं लागत नाही.

याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे बाबू गेनू सैद पोटासाठी मुंबईला गेले, गिरणीत कामाला लागले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक निघाला, तेव्हा हा बावीस वर्षांचा पोरगा ट्रकपुढे आडवा झाला. ट्रक अंगावरून गेला. ना पद, ना शिक्षण, ना पाठीशी कोणी मोठा माणूस. मंचरच्या महाविद्यालयाच्या नावात आज त्यांचं नाव आहे आणि डिंभे धरणाच्या जलाशयालाही त्यांचंच नाव दिलं आहे. त्या जलाशयाखाली, ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं आंबेगाव गेलं. घरं, देवळं, बापजाद्यांची भातखाचरं सोडून माणसं उठली, म्हणून खालची शिवारं भिजली. त्यांच्यावर कादंबरी झाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. इथल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ती लिहावी.

आता आपल्या विषयाकडे येतो. हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ च्या कादंबरीतला अंकल टॉम लपलेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा सांगत नाही आणि मालकाच्या माणसांचा मार खाऊन प्राण सोडतो. मला तो बाबू गेनूंचा सख्खा भाऊच वाटतो. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. म्हणजे हे नातं आपल्या पुणे जिल्ह्यानं दीडशे वर्षांपूर्वीच जोडलेलं आहे. पुढचं विवेचन विद्वान करतीलच.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. हॉटेलच्या सोयी इथे नाहीत. पाहुण्यांची उतरायची सोय घराघरांत केली आहे. काल रात्री वीज गेली, काहींना अंघोळीला गरम पाणी उशिरा मिळालं. ऐनवेळी नावनोंदणी वाढल्यानं पिशव्या कमी पडल्या. त्या दुपारपर्यंत येतील. या सगळ्याबद्दल स्वागत समितीच्या वतीनं मी हात जोडून क्षमा मागतो.

मांडव देणारे व्यापारी, दूध पुरवणारे शेतकरी, तांदूळ-डाळीची पोती पाठवणारी कुटुंबं, नाव जाहीर करू नका म्हणून बजावणारे देणगीदार, पहाटे चारपासून भाकरी थापणाऱ्या बचतगटाच्या भगिनी, शाळेचे शिक्षक आणि बाकं वाहणारी पोरं, सर्वांचा मी ऋणी आहे. त्यांच्यावाचून हा मांडव उभा राहिला नसता.

दुपारी एक वाजता शाळेच्या पटांगणात पंगत बसेल. जेवल्याशिवाय कोणीही गाव सोडू नये, ही आग्रहाची विनंती.