खाडीकाठची शाळा
(जीर्णोद्धार समारंभातील व्याख्यान)



देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ नवा दगड आणि नवा रंग नव्हे. ज्या भूमीवर देव उभा आहे, तिचा सांभाळही त्यात येतो. दहिसरच्या भूमीला नदी आणि खाडी या दोघींनी घडविले आहे.

दहिसर नदी तुळशी तलावाजवळ, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. डोंगरात तिचे पाणी निर्मळ असते. वस्तीत शिरताच त्यात सांडपाणी, गोठ्यांचे शेण व प्लॅस्टिक मिसळते. याच डोंगरात कान्हेरीच्या भिक्षूंनी पावसाचे पाणी धरण्यासाठी कातळात पोढी कोरल्या. पाण्याला नुसते पवित्र म्हणून भागत नाही, ते राखावे लागते, हे त्या पूर्वजांना ठाऊक होते.

खाडीकाठी तिवर व कांदळ यांचे रान आहे. तिवराची मुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर येतात, कारण चिखलात हवा नसते आणि झाड या मुळांवाटे श्वास घेते. अंगातले जादा मीठ ते पानांवाटे टाकते. कांदळाचे बी तर झाडावरच रुजते आणि मग चिखलात उतरते. या मुळांच्या आडोशाला कोळंबी, चिंबोरी व बोय यांची पिल्ले वाढतात. महसुली दप्तरात लागवडीस न येणाऱ्या जमिनीला 'पोटखराब' म्हणतात. तिवराखालचा चिखलही लोकांना तसाच खराबा वाटतो. परंतु कोळ्याच्या जाळ्यातील मासळीचे ते पाळणाघर होय.

पूर्वी तिवराचे लाकूड चुलीला जाई. घरोघर गॅस आला आणि ती गरज सरली. आता झाड तुटते ते जागेसाठी. दिनांक २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा दहिसर नदीचे पाणीही घराघरांत शिरले. भरतीच्या वेळी खाडी पाणी लवकर घेत नाही. त्यात पात्र अरुंद आणि कचऱ्याने भरलेले असले, तर पाण्याने जावे कोठे? त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यास आणि त्यात राडारोडा टाकण्यास मनाई केली. सन २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. सन २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. युनेस्कोने कांदळवनाचा जागतिक दिन ठरविला तोही २६ जुलैच. दहिसरकरांना ही तारीख विसरता येणारी नाही.

तथापि कायदा पहारा देतो, माया शिकवीत नाही. ते काम शाळेचे व घराचे. मुलांना गोदावरीचा उगम तोंडपाठ असतो, शेजारच्या नदीचा नसतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे कोळीवाड्यातील आजोबा पंचांग न पाहता सांगतात. चंद्र-सूर्याच्या ओढीचे हे शास्त्र पुस्तकात दोन ओळींत उरकते. सबब वर्षातून एक दिवस ओहोटीची वेळ साधून शिक्षक व एखादे जाणते कोळी आजोबा यांनी मुलांना खाडीकाठी न्यावे. मुलांनी निवट्या पाहावा, चिंबोऱ्यांची बिळे मोजावीत, तिवराचे पान जिभेला लावून त्याचा खारटपणा अनुभवावा. अशा शाळेला इमारत लागत नाही.

देवस्थानानेही दोन गोष्टी कराव्यात. निर्माल्य नदीत न सोडता त्याचे खत करून ते देवळाच्या बागेला घालावे. आणि जुन्या बांधकामाचा राडारोडा कोणत्या गाडीतून कोठे गेला, याची नोंद हिशेबाच्या वहीत ठेवावी. देवाच्या नावाने केलेल्या कामाची माती तिवरात पडली, तर ते पुण्य कसले?

देणगीदारांची नावे संगमरवरी फलकावर कोरली जातात, ते योग्यच आहे. नदीच्या काठी असा फलक नाही. तिचे ऋण मात्र गावातल्या प्रत्येक घरावर आहे. ते फेडण्याची बुद्धी ग्रामदेवतेने सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.